वरचा बोल्ट आधी

आमची व्हॅन थंड असली की दुसऱ्या गिअरला जायला तयार नसते. दांडा ओढला की खालून करकरून दात खाते, मी दचकून सोडून देते आणि मग कोपऱ्यापर्यंत पहिल्यातच रडतखडत जाते. मागचे लोक हॉर्न वाजवतात. मागच्या सीटवर पट्ट्यात जखडलेली मुंगी त्या आवाजाला खदखदून हसते. मुंगी म्हणजे आमची मुलगी. दिसेल ते तोंडात घालते म्हणून हे नाव पडलं. शेजारी मांडीवर पडद्यांचा गठ्ठा घेऊन सासूबाई बसलेल्या असतात. त्या समोर बघत म्हणतात, "ओढू नकोस गं. बाईला समजव." बाई म्हणजे व्हॅन. मला कधीकधी वाटतं, आम्हा दोघींत त्या तिचीच बाजू घेतात.

हा, माझा नवरा, घरी असताना असं होत नव्हतं. म्हणजे व्हॅन तेव्हाही अशीच होती, पण याचा हात वेगळा होता. पहिल्यातून काढल्यावर तो अर्धा श्वास थांबायचा, दांडा मधल्यामध्ये सैल धरून, आणि मग अलगद दुसऱ्यात सरकवायचा. "तिला श्वास घेऊ द्यायचा," असं म्हणायचा. मी तेही करून पाहिलं. तो थांबतो तेवढंच थांबते, तसाच दांडा धरते, आणि करकर व्हायची ती होतेच.

हा समुद्राच्या तळाशी केबल टाकणाऱ्या जहाजावर आहे. मुंगी पालथी पडायला लागली त्याच सुमारास गेला आणि थंडी संपताना यायचा होता. जहाज किनाऱ्याजवळ आलं की याचे निरोप येतात, आवाजातले, एकदम तीन-चार, कधी लांबलचक. मी ऐकते तोवर ते शिळे झालेले असतात. ‘आज पाऊस आहे’ असं हा सांगतो तेव्हा त्याचा पाऊस केव्हाच थांबलेला असतो. तरी मी विचारते, भिजलास का? फोनला विचारते.

घरात मी त्याच्यासाठी बरंच काही राखून ठेवलं होतं. स्वयंपाकघरातला गळका नळ, आमच्या पडद्यांच्या दुकानातली एका बाजूनं खचलेली फळी, न लागणारी खिडकी. आई, म्हणजे सासूबाई, म्हणायच्या, "प्लंबरला बोलावू का?" आणि मी म्हणायचे, "राहू द्या, आल्यावर तो बघेल." दुसरा गिअरही त्यातलाच. तो येणार, खाली शिरणार, तोंड काळं करून बाहेर येणार आणि दुसरा गिअर लागणार. त्या आशेवर मी अख्खी थंडी पहिल्यात काढत होते.

आणि मग तो निरोप आला.

सुरुवातीला मुंगीसाठी चित्रविचित्र आवाज होते. मग माझ्यासाठी थोडं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मग म्हणाला, "अगं, ते दुसऱ्या गिअरचं ऐक. गिअरबॉक्समधलं तेल जुनं झालंय. तुम्ही दोघी बदलून टाका. डबा दुकानात खालच्या कप्प्यात आहे, मी आणून ठेवला होता." पुढं सगळी कृती. गाडी आधी चालवून गरम करा म्हणजे तेल पातळ होतं. सपाट जागेवर उभी करा. गिअरबॉक्सला दोन बोल्ट आहेत, एक तळाशी, एक बाजूला जरा वर. तळाशी असतो तिथून जुनं सोडायचं, तो परत लावायचा, वरच्या भोकातून नवं भरायचं. भरून बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं. हे सगळं तो नेहमीसारखं फाटे फोडत, मध्येच जहाजावरच्या स्वयंपाक्याबद्दल सांगत बोलला. मग एक श्वास घेऊन म्हणाला, "बरं, आणि आता शेवटचं..."

मी अंगठा दाबून ते बंद केलं.

हे कळायला याची एक खोड सांगायला हवी. महत्त्वाची गोष्ट हा कायम शेवटी सांगतो. बसथांब्यावर त्यानं मला बसच्या दारात काय दोष असतो ते समजावलं, माझ्या छत्रीची तुटलेली काडी बांधून दिली, आणि बस येऊन उभी राहिल्यावर विचारलं, "आपण लग्न करू या का?" मी पायरीवर एक पाय ठेवून होय म्हणाले, कंडक्टरसकट सगळ्यांनी ऐकलं. जहाजाचंही तसंच. त्या संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरातला दिवा बदलला, दिव्यांच्या प्रकारांवर भाषण दिलं, स्टूल जागेवर ठेवलं आणि दारातून म्हणाला, "मला त्या जहाजावर घेतलंय."

तेव्हा ‘आता शेवटचं’ म्हटल्यावर मला कळलं. तारखेचं असणार. येत नाही म्हणून सांगणार. जोवर ऐकत नाही तोवर तो थंडी संपताना येतोय, असा माझा हिशेब होता. मी पदवीला संख्याशास्त्र घेतलेली बाई. असला हिशेब चालत नाही हे मला कळतं. तरी मी रोज दुपारी मुंगीला झोपवताना तो निरोप लावायचे, चित्रविचित्र आवाजांपासून श्वासापर्यंत, आणि तिथं थांबवायचे.

आईंना मी एवढंच सांगितलं की तेल बदलायला सांगितलंय. त्या शिलाई मशीनवर होत्या. पाय थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "असं म्हणाला?" त्या म्हणाल्या. "बरं. मग बदलू."

मी टाळत राहिले. शेवटी एका सकाळी पहिला गिअरही अडकला आणि चौकात भर रहदारीत आम्ही उभ्या राहिलो; बऱ्याच खटपटीनं तो लागला तेव्हा कशाबशा घरी आलो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात पडदे लावायचे होते, रंगमंचाचे, मखमली, माणूस आत गुंडाळला तर सापडणार नाही एवढे मोठे. ते व्हॅनशिवाय न्यायचे म्हणजे हातगाडीवर हत्ती.

"आज दुकान बंदच आहे," आई म्हणाल्या. "आजच करू. त्यानं सांगितलेलं सगळं ऐकलंयस ना नीट?"

"ऐकलंय," मी म्हणाले.

दुपारी आम्ही व्हॅन फिरवून गरम केली आणि दुकानामागच्या आवारात आणली. चार जाड फळ्यांवर चारही चाकं चढवली, चाकांना ठोकळे लावले. मी हँडब्रेक तीनदा तपासला.

"अजून एकदा तपास," आई म्हणाल्या. "ब्रेकला वाईट वाटायला नको."

"तुम्ही खाली जाणार आहात म्हणून बघतेय."

"मी जातेय म्हणून? मला वाटलं तुझ्या नवऱ्याची गाडी आहे म्हणून."

त्यांनी जुन्या पडद्याचं जाड कापड अंथरलं, केसांना रुमाल बांधला आणि पाठीवर सरपटत आत गेल्या. त्या काटकुळ्या आहेत, आणि आयुष्यभर खिडक्यांच्या वर हात करून पडदे लावल्यामुळे हात वर धरून काम करायची त्यांना सवय आहे. बाहेर फक्त पायातले मोजे दिसत होते, एक निळा, एक करडा. मुंगीला मी दाराच्या सावलीत तिच्या लाकडी खुराड्यात बसवलं होतं, पडद्याच्या मोठ्या कड्या देऊन. एक कडी चावायची, दुसरी फेकायची, असं तिचं चाललं होतं. माझं एक लक्ष तिच्याकडे, एक चाकांकडे, एक मोज्यांकडे.

"तळाचा सुटला," आतून आवाज आला. "परात सरकव."

जुनं तेल परातीत पडायला लागलं. काळपट, मध्येच सोनेरी चमकणारं, आणि वास असा की कुजलेली अंडी कुणीतरी रबरात गुंडाळून जाळली असावीत. मुंगीनं नाक मुरडलं. समोरच्या कुलूपवाल्या काकांनी दुकानातून मान बाहेर काढली.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"अजून कुणी नाही," आई आतून म्हणाल्या. "तुम्ही यायच्या बेतात असाल तर जागा आहे."

काका हसत आलेच. त्यांना जुनी कुलपं, जुनी यंत्रं आणि आमच्या आई या तिन्हींबद्दल सारखंच कुतूहल आहे. आईंनी बोल्ट बाहेर सरकवला. त्याच्या टोकाला लोहचुंबक होतं आणि त्यावर लोखंडाचा बारीक काळा लेप जमला होता, काजळासारखा. बोल्टची तांब्याची चकती मी लगेच उचलून डब्याच्या झाकणात ठेवली आणि झाकण गाडीच्या टपावर. खाली ठेवली असती तर ती कुणाच्या पोटात गेली असती ते सांगायला नको.

तेलाची धार थेंबांवर आली. "आता वरचा," आई म्हणाल्या. मग बराच वेळ नुसतं करकरणं, धापा, आणि पाना निसटून खणकन लागल्याचा आवाज.

"काय झालं?"

"हलत नाही. गंजून बसलाय."

"थोडा जोर..."

"जोरच लावतेय. इथं काय आरती ओवाळतेय का मी?"

काका वाकून बघत म्हणाले, "लांब पाइप घालावा लागेल पान्याला. माझ्याकडे आहे कुठंतरी." आणि ते तो शोधायला गेले. त्यांचं ‘कुठंतरी’ फार मोठं असतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. खालचं तेल गेलेलं. वरचा बोल्ट सुटत नाही तोवर नवं भरता येत नाही. आणि तेलाशिवाय गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा न्यायची नाही. उद्या सकाळी मखमल.

"त्यानं वरच्याबद्दल काय सांगितलं होतं?" मोजे विचारते झाले.

"वरून भरायचं म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

"तो एवढंच कधी सांगत नाही." जरा थांबून त्या म्हणाल्या, "लाव ते. इथंच लाव. मला आता बाहेर येता येत नाही, पाना अडकवून धरलाय."

फोन हातात होता. मी आत जाऊन आधी एकटीनं ऐकू शकले असते, पण मुंगीला इथं आणि आईंना गाडीखाली सोडून जाणं माझ्याच्यानं होईना. मी उकिडवी बसले, फोन जमिनीलगत गाडीखाली धरला आणि थांबलेल्या जागेवरून सुरू केलं.

"बरं, आणि आता शेवटचं," हा म्हणाला. "खालचा बोल्ट सोडायच्या आधी वरचा सुटतोय का बघा. हे पहिलं करायचं. वरचा अडकला आणि खालचं तेल गेलं तर गाडी तिथंच बसेल."

गाडीखालून आई हसल्या. "शेवटचं म्हणे. पहिलं करायचं म्हणे."

मलाही हसू फुटलं. एवढंच होतं. बोल्टचं होतं. मी वेडी, इतके दिवस एका बोल्टला घाबरून बसले होते. हा पुढं सांगत होता, "मागच्या वेळी मीच फार आवळलाय तो. सरळ सोडवायला जाऊ नका, बोल्टच्या डोक्यातल्या भोकाचे कोपरे झिजतील. आधी आवळायच्या बाजूला एक झटका द्यायचा. गंज तुटला की मग उलटा. आणि आईला खाली जाऊ देऊ नकोस, तिचा खांदा दुखतो."

"गाढव," आई म्हणाल्या, फार मायेनं.

"बाकी काही नाही," हा म्हणाला.

मग त्यानं फोन बंद केला नाही. वारा होता, कुठं तरी साखळी आपटत होती. मुंगीनं कडी चावायची थांबवली.

"आणि, अगं, ऐक ना. आम्हाला पुढच्या केबलवर पाठवतायत. इथूनच, परस्पर. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही." साखळी पुन्हा वाजली. "तेव्हा थंडी संपताना नाही. पुढची थंडी येईल बहुतेक. मुंगी तोवर चालायला..." आणि ते तिथं संपलं. त्यानं थांबवलं की सिग्नल गेला, कळायला मार्ग नव्हता.

मोजे हलले नाहीत. परातीत एक थेंब पडला, बऱ्याच वेळानं आणखी एक. मुंगी फोनकडे हात करून काहीतरी मागत होती.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. का विचारलं कुणास ठाऊक. त्यांना आश्चर्य वाटलेलं नाही, एवढं त्या मोज्यांवरूनही दिसत होतं.

"तेल बदला म्हणाला ना, तेव्हाच," आतून आवाज आला. "यायचा असता तर स्वतः बदललं असतं. या बाईच्या पोटाला त्यानं कधी दुसऱ्याला हात लावू दिलाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू ऐकायची थांबली होतीस."

"ते तुम्हाला कसं..."

"दुपारी लावतेस. दाराबाहेर ऐकू येतं. रोज त्याच जागी बंद होतं." पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "मीही रोज तिथंच थांबत होते. मशीनचा पाय थांबवायचे, नाहीतर ऐकू येत नाही."

म्हणजे रोज दुपारी आम्ही दोघी, एका दाराच्या दोन बाजूंना, एकच श्वास ऐकत होतो. मला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. या माणसाला ‘नाही’ म्हणता आलं असतं. स्वतःच सांगतो.

"मी येते खाली. पण मुंगी?" मी म्हणाले.

"काका आले की बघतील. ये आत."

काका पाइप घेऊन आले. मी मुंगीकडे बोट दाखवलं. "तिच्या तोंडात काय जातंय ते बघा. सतत. पापणी न लववता."

"मी तिजोऱ्या राखल्यात," काका म्हणाले आणि खुराड्यापाशी बसले.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीखाली गेले. आत गरम होतं, चिखल वाळून चिकटलेला होता आणि आमच्या दोघींच्या नाकांवर अख्खं लोखंड टेकल्यासारखं झालं होतं. आईंचा खांदा माझ्या खांद्याला लागला. त्यांनी वरच्या बोल्टच्या चौकोनी भोकात पान्याचं टोक बसवून धरलं, मी पाइप चढवला.

"आधी आवळ," त्या म्हणाल्या.

"आधी आवळायचं म्हणे. आवळलंय कुणी इतकं?" मी म्हणाले आणि पाय फळीला रेटून झटका दिला. काही नाही. पुन्हा. पुन्हा दिला तेव्हा मनात मी काय बोलत होते ते त्याच्या आईशेजारी पडून बोलण्यासारखं नव्हतं. कट्कन आवाज झाला.

"तुटला?" मी घाबरून विचारलं.

"सुटला," त्या म्हणाल्या. "आता उलटा."

तो फिरला. गंजाची भुकटी माझ्या डोळ्यांत पडली आणि डोळे वाहायला लागले. आईंनी रुमालाचं टोक माझ्या हातात दिलं. "गंजच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"गंजच."

"माझ्याही गेलाय," त्या म्हणाल्या.

पुढचं काम सरळ होतं. आईंनी चुंबक पुसून तळाचा बोल्ट लावायला घेतला आणि चकती मागितली. मी बाहेर येऊन टपावरचं झाकण बघितलं. झाकण रिकामं. मी मुंगीच्या तोंडात बोट घालणार तेवढ्यात काका म्हणाले, "ही का? काळी पडली होती म्हणून घासून ठेवली." मी त्यांच्या हातून ती हिसकावून घेतली. नंतर माफी मागितली. ते म्हणाले, "तिजोरीवाल्यांपेक्षा तुम्ही कडक आहात."

नवं तेल वरून ओतायचं ठरलं. इंजिनाच्या फटीतून एक लांब नळी खाली सोडली, तिचं टोक आईंनी बाजूच्या भोकात धरलं, आणि वरच्या टोकाला नरसाळं लावून मी उभी राहिले. मला खालचं काही दिसत नव्हतं. डब्यातून मधासारखं स्वच्छ तेल नरसाळ्यात उतरत होतं, सावकाश. डब्यावर त्याच्या बोटांचे ठसे होते, धुळीत उमटलेले. हा डबा त्यानं कधी आणून ठेवला असेल? जायच्या आधी. दिवा बदलला त्याच्याही आधी, कदाचित. तेव्हाच त्याला वाटलं असेल का, की हे काम आपल्या हातून व्हायचं नाही? मी ठसा न पुसता डबा धरायला बघत होते, पण हात तेलकट होते. दुसऱ्यांदा ओतलं तेव्हा ठसे गेलेले होते.

"चालू दे," खालून आवाज यायचा. "चालू दे."

पुढची थंडी. मुंगी तोवर चालेल, पळेल, दारामागे लपेल. दारात एक अनोळखी माणूस उभा राहील आणि तिच्यासाठी चित्रविचित्र आवाज काढेल. हा आवाज तर आमच्या फोनात असतो, असं तिला वाटेल.

"थांब," आई म्हणाल्या. "ओघळतंय. भरली बाई."

संध्याकाळी आम्ही तिला फिरवायला काढली. मुद्दाम थंड होऊ दिली होती. आई शेजारी, हात धुऊनही नखांत काळं, मांडीवर पडदे नाहीत म्हणून हात कुठं ठेवावेत ते न कळून बसलेल्या. मुंगी मागे. गल्लीतून पहिल्यात निघाले. कोपऱ्याच्या आधी क्लच दाबला, दांडा मधल्यामध्ये आणला आणि माझा हात तिथं अर्धा श्वास थांबला. आता थांबायची गरज नव्हती. मग सरकवला. काही आवाज झाला नाही. लोण्यात बोट जावं तसा दुसरा लागला.

आरशात मुंगी तोंड उघडून वाट बघत होती. हसायची तयारी झालेली, पण करकर आली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मी तोंडानंच करकर केली. ती हसली, पण मन राखायला हसावं तशी.

"उत्तर पाठवशील ना त्याला?" आईंनी विचारलं.

"उद्या. आज जे तोंडात येतंय ते जहाजावर पाठवण्यासारखं नाही."

"पाठव की. खारं पाणी आहे, धुऊन निघेल." थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "नळवाल्याला उद्या बोलावते."

मी मान हलवली.

सिग्नलला थांबलो. हिरवा झाला, पहिला टाकला.

"आता परत कर," आई म्हणाल्या.

"काय?"

"ते. मध्ये थांबायचं. तो करतो तसं."

मी दांडा मधल्यामध्ये आणून सैल धरला. आईंनी डोळे मिटले होते. अर्धा श्वास. मग दुसरा. पुढच्या सिग्नलला मी न सांगता तसंच केलं, त्याच्या पुढच्याही. आमच्या गल्लीचं वळण मागे गेलं. मागे मुंगी झोपली होती, मूठ तोंडात. दोघींपैकी कुणीच वळायचं नाव काढलं नाही.